गाडीचा आजार मिस्त्रीनेच सांगायचा

आमच्या शेडमध्ये मिस्त्रींचा डावा हात वर गेला की सगळ्यांनी गप्प बसायचं. मिस्त्री म्हणजे आमचे हे. हात वर गेला की रेडिओ बंद, शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर बंद, गिऱ्हाइकाची बडबड बंद आणि माझं शिलाई मशीनसुद्धा बंद. सुई रेक्झिनमध्ये अर्धी रुतलेली असली तरी पाय उचलायचा म्हणजे उचलायचा. मग मिस्त्री चालू इंजिनावर वाकणार, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावणार, दुसरं टोक इंजिनाच्या अंगावरून सावकाश फिरवणार आणि डोळे मिटून घेणार. मिनिटभराने हात खाली. "डायनामोचं बेअरिंग." नाहीतर, "वॉटर पंप." संपलं. पुढे उघडून बघायचं ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

दुसरा नियम त्याहून कडक. गाडीचा आजार मिस्त्रीनेच सांगायचा. त्यांच्या आधी दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम यांना यांच्या वस्तादांनी घालून दिलेला. तेराव्या वर्षी हे वस्तादांकडे रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायला लागले, तेव्हा पहिली चार वर्षं यांना इंजिनाबद्दल बोलायची परवानगीच नव्हती, फक्त ऐकायची. पाचव्या वर्षी वस्तादांनी नळीचा एक तुकडा कापून हातात दिला आणि म्हणाले, "आता बोल." तो तुकडा अजून यांच्या खांद्यावर असतो. कानाला लावायचं टोक घासून घासून बोटाच्या पेरासारखं गुळगुळीत झालंय.

मला हा नियम लग्नानंतर चौथ्याच महिन्यात कळला, आणि चांगलाच कळला. मी नुकतीच मशीन घेऊन शेडच्या मागच्या भागात सीट कव्हरं शिवायला बसू लागले होते. पुढे गाड्या, मागे मी, मधे मेणकापडाचा पडदा, तोही बहुतेक वेळ बाजूला सारलेला. एक जीप आली. हात वर गेला, मी पाय उचलला, आणि इंजिनाची चिरचिर ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "पट्टा सैल झालाय वाटतं." आणि पट्टाच सैल होता हो! गिऱ्हाईक खो खो हसलं. म्हणालं, "मिस्त्री, आता काय, घरच्या घरीच निदान व्हायला लागलं!" झालं. यांनी मुकाट्याने पट्टा ताणून दिला आणि तीन दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच, "मी तुझ्या शिवणीत कात्री घालतो का?"

मीही काही कमी नाही. भांड्यांची आदळआपट मलाही येते. पण त्या दिवशी ठरवलं, नको बाई. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे इंजिनाच्या बाबतीत पुन्हा करायचं नाही. तशी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे आमच्या आळीत कुणालाही विचारा. रेक्झिनवाल्याशी भांडते, पाणी सोडणाऱ्याशी भांडते, यांच्याशी तर रोज भांडते. फक्त बॉनेट उघडलं की तोंडाला कुलूप. अठ्ठावीस वर्षं ते कुलूप मी इमानाने सांभाळलं.

आणि खरं सांगू का, त्यात मला अभिमानही होता. लोक यांना कानवाले मिस्त्री म्हणत. एकदा एका ट्रकवाल्याने लांबच्या घाटातून फोन केला, फोन इंजिनापाशी धरला, आणि यांनी इथे स्टुलावर बसून सांगितलं, "पंखा रेडिएटरला घासतोय. पुढे एक पाऊल टाकू नकोस." तो ट्रकवाला पुढच्या फेरीला टोपलीभर पेरू घेऊन आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमचं काही चोरून चालत नसेल यांच्यापुढे." मी म्हटलं, "घरी आले की हे कान खुंटीला टांगतात."

ते मी हसत म्हटलं होतं, पण खोटं नव्हतं. गेली दोनतीन वर्षं घरी यांना हाक मारून मारून माझा घसा बसायचा. किटली शिट्टी मारमारून थकायची, हे शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेले. घड्याळाचा गजर वाजायचा, हे ढाराढूर. मुलगी नोकरीला परगावी, तिचा फोन आला की दोन वाक्यं ऐकून फोन माझ्या हातात. "तुमचं दोघींचं चालू द्या." मुलगी म्हणायची, "आई, बाबा माझ्यावर रागावलेत का गं?" मी म्हणायचे, "छे गं, त्यांचा स्वभावच तसा." मनात म्हणायचे, ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा तर सगळ्या नवऱ्यांचा जुना धंदा. मागच्या वर्षी एकदा सकाळी शेडचं शटर वर करताना हे मला म्हणाले, "पत्र्यावरच्या चिमण्या गेल्या वाटतं कुठेतरी." वर पाहिलं तर दहाबारा चिमण्या नुसता कलकलाट करत होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला कंटाळून जातील एक दिवस." आणि मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग या उन्हाळ्यात दोन गाड्या परत आल्या. म्हणजे यांनी आजार सांगितला, भाग बदलला, आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा दारात. असं आमच्याकडे कधी होत नसे. दोन्ही गिऱ्हाइकं जुनी, कुणी वाकडा शब्द काढला नाही, पण मिस्त्रींना तो न काढलेला शब्दही लागला. जेवण कमी झालं. रेडिओ दिवसदिवस लागेना. आणि नेमका त्याच दिवसांत खुर्चीवाल्या भाऊजींचा पिकअप आला.

खुर्चीवाले भाऊजी कार्यक्रमांना खुर्च्या-टेबलं भाड्याने देतात. माणूस मोठा गमत्या. त्यांचा पिकअप चोवीस वर्षांचा, मूळ रंग निळा, एक दार पिवळं, कारण ते दुसऱ्या गाडीचं. भाऊजी तिला म्हातारी म्हणतात. आले ते गाडी ढकलतच. फाटकाशीच बंद पडली होती.

"मिस्त्री, म्हातारी चालताना ठणठणीत आहे," ते घाम पुसत म्हणाले. "पळवा हवी तेवढी. पण थांबली की अंगात आल्यासारखी थरथरते आणि मान टाकते. सिग्नलला तर हमखास. मागचे लोक हॉर्न वाजवतात. आता काय, सगळ्यांना उतरून एकेक खुर्ची देऊ का बसायला?"

"दुसरीकडे दाखवली?" यांनी विचारलं.

"हमरस्त्यावरच्या नव्या गॅरेजमध्ये नेली होती, खोटं कशाला बोलू. तिथला माणूस कॉम्प्युटरची वायर हातात घेऊन अर्धा तास भोक शोधत होता. शेवटी म्हणाला, काका, या गाडीला वायर लावायला जागाच नाही. मी म्हटलं, मग हिला कानच लागणार. आलो तुमच्याकडे."

भाऊजी चालत गेले. यांनी बॉनेट उघडलं, आणि हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही गाडी निघाली नाही ना, तर शेडला कुलूप लावायचं."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. नुसता पाना फिरवणारे शंभर आहेत, माझ्यापेक्षा तरणे आहेत. मी कानावर जगलो. तिसरी गाडी परत गेली तर लोकांनी सांगायची वाट कशाला बघायची?"

हा माणूस बोलतो कमी, पण बोलला की करतो. शेड गेली तर पोट भरायला माझं शिवण होतं, त्याची भीती नव्हती. पण सकाळी उठून या माणसाने जायचं कुठे?

पहिल्या दिवशी हात वर गेला. मी पाय उचलला. पिकअप थडथडत होता, सगळं अंग हलत होतं, पिवळं दार खुळखुळत होतं. आणि त्या थडथडीच्या वर एक बारीक आवाज होता. सीऽऽऽ. खिडकीच्या फटीतून वारा यावा तसा. मला वाटलं, म्हातारीचा दम असेल, चोवीस वर्षांनी सगळ्यांचाच लागतो. मिस्त्रींनी नळी फिरवली, डोळे मिटले. फार वेळ मिटले. हात खाली आला, पण आजार काही सांगितला नाही. प्लग काढले. प्लगांची टोकं पांढरी पडली होती. "पेट्रोल कमी पडतंय," एवढं म्हणाले आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला. गाडी चालू केली. थडथड, सीऽऽऽ, आणि फुस्स. बंद.

दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा पंप उतरवला, तपासला, बसवला. कार्बोरेटर उघडून त्याचे तुकडे फडक्यावर ओळीने मांडले, एकेक भोक फुंकून साफ केलं. हे काम बघत राहावंसं वाटतं, खरंच. मोठे जाडजूड हात, नखांत काळं, पण तो बारीकसा स्क्रू असा उचलतील जसा मी मोती उचलते. दुपारी सगळं बसवून हात वर केला. मी पाय उचलला. वेल्डिंगवाला थांबला. थडथड. सीऽऽऽ. मी मनात म्हटलं, त्या आवाजाचं काहीतरी करणार असतील उद्या. यांना ऐकू आलंच असेल, यांना नाही येणार तर कुणाला? मी कोण सांगणारी? मी माझी शिवण पुढे सुरू केली.

तिसऱ्या दिवशी ठिणगीचे पॉइंट, टायमिंग, सगळं झालं. दुपारी ऊन पत्र्यावर तापलेलं, वेल्डिंगवाला जेवायला गेलेला. मी चहा घेऊन पुढे गेले. इंजिन चालू होतं, हे मडगार्डवर दोन्ही हात टेकून उभे होते. पाठ वाकलेली. चहा घेतला नाही. आणि अठ्ठावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मला समजावून सांगायला लागले. मला कसलं, स्वतःलाच.

"बघ. प्लग पांढरे आहेत. म्हणजे एक तर पेट्रोल कमी, नाहीतर हवा जास्त. दोनच गोष्टी. आता कुठे चीरबीर असेल आणि इंजिन बाहेरून हवा ओढत असेल, तर शीळ वाजते. बारीक असते, पण वाजतेच. इथे शीळ नाही. म्हणजे हवा नाही. म्हणजे पेट्रोलच. आणि पेट्रोलचं तर मी सगळं उलटंपालटं केलं. मग राहिलं काय?"

शीळ वाजत होती. आमच्या दोघांच्या मधे, दोन हातांवर, स्पष्ट वाजत होती.

किटली आठवली. गजर आठवला. फोनवरचा मुलीचा बारीक आवाज. चिमण्या. सगळं एकदम आठवलं. कप मडगार्डवर ठेवून मी मागे येऊन बसले. शिवायला घेतलं. दहा मिनिटांनी बघते तर कव्हराची पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून टाकलेली, आत सीट घालायला जागाच नाही. उसवत बसले. मनात दोन्ही बाजूंनी ओढाताण. सांगू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलंस तर हा माणूस आज संध्याकाळी शटर ओढेल. नाही सांगितलंस तर उद्या ओढेल. नाहीतरी ओढणारच आहे, मग निदान कशामुळे ते तरी त्याला कळू दे. आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझा मलाच. तीन दिवस मी तो आवाज ऐकत बसले होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा कोण, तर मी.

मी उठून गेले. आधी आडूनच विचारलं. "त्या मागच्या बारक्या नळ्या बघितल्या का हो?"

"बघितल्या. अख्ख्या आहेत."

"साबणाचं पाणी मारून बघा ना. ट्यूबच्या पंक्चरला मारतात तसं."

"ते शिकाऊंचं काम," हे म्हणाले. "ज्याला कान नाही त्याने पाणी मारत बसावं."

हे ऐकलं आणि आडून बोलायचा माझा धीर संपला.

"अहो, शीळ वाजतेय."

"काय?"

"शीळ. हवा ओढल्यासारखी. मला ऐकू येतेय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडणार. चिडले असते तर बरं झालं असतं.

"आत्ता?"

"आत्ता."

"आत्ता चालू आहे?"

"चालूच आहे. तीन दिवस चालू आहे."

यांनी नळी उचलली, कानाला लावली, दुसरं टोक इंजिनावर धरलं. डोळे मिटले. मग दुसरा कान. मग नळी खाली घेतली. चेहरा असा झाला होता की मला तो बघवेना. कधीकाळी मुलगी बाजारात हरवली होती पाच मिनिटं, तेव्हाच काय तो हा चेहरा पाहिला होता.

"कशी आहे?" हे म्हणाले. "कशी वाजतेय?"

मला सांगता येईना. आवाज कसा सांगणार? मी त्यांचा हात धरला, तळवा वर केला, तोंडाजवळ नेला आणि दात मिटून बारीक फुंकर सोडत राहिले. ऑइलचा वास, राठ कातडी. मी फुंकर मारतेय आणि हे तळव्याकडे बघतायत.

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

यांनी वर पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे चिमण्या आहेत."

"आहेत," मी म्हटलं. "सगळ्या आहेत हो." आणि मला रडू फुटलं. मी पदराने तोंड झाकलं, पण लपवणार कुणापासून?

यांनी मला रडू दिलं. मग खांद्यावरची नळी पुसली, फडक्याच्या कोरड्या बाजूने, दोन वेळा, आणि माझ्या हातात दिली. वस्तादांची नळी. आजवर मी ती उचलून दुसरीकडे ठेवलेलीसुद्धा यांना खपत नसे. "लाव कानाला. पंख्यापासून हात लांब ठेव. मागून पुढे ये. जिथे मोठी होईल तिथे थांब."

मी नळी लावली. आई गं! केवढं काय काय चाललेलं असतं आत! टकटक, घरघर, कुठे खळखळ. हे एवढं सगळं हा माणूस रोज ऐकत होता. मी टोक हळूहळू सरकवलं. कार्बोरेटरच्या पाठीमागे गेल्यावर ती शीळ एकदम कानात घुसली. मी दचकले.

"इथे."

तिथून करंगळीएवढी एक रबरी नळी निघून इंजिनाच्या कडेला गेली होती. वरून पाहिली तर धडधाकट. यांनी तिच्याखाली बोट घातलं, चाचपलं, आणि थांबले. खालच्या बाजूला, वाकणाशी, नखाएवढी चीर होती. यांनी तिच्यावर बोट दाबून धरलं.

पिकअप सुतासारखा सरळ झाला. थरथर गेली, पिवळ्या दाराचं खुळखुळणं गेलं, शीळ थांबली. बोट काढलं, पुन्हा अंगात आलं. दाबलं, शांत. हे दोन्ही हातांनी ते अनुभवत होते, एक बोट चिरेवर, दुसरा हात मडगार्डवर. ते मात्र यांना कळत होतं, चांगलं कळत होतं.

नवी नळी घालायला पाच मिनिटं लागली. तीन दिवस आणि पाच मिनिटं. मग हात धुऊन हे जुन्या टायरवर बसले आणि म्हणाले, "गाडी निघाली. पण मी नाही काढली. शेडवरचा बोर्ड उद्या उतरवतो."

आता मात्र माझं डोकं फिरलं. रडणं कधीच संपलं होतं, आता नेहमीची मी परत आले.

"उतरवा!" मी म्हटलं. "उतरवा आणि माझ्या डोक्यात घाला! प्लग पांढरे का, हे मला कळलं होतं का? हवा जास्त की पेट्रोल कमी, हे मला कळलं होतं? मला नुसती फुसफुस ऐकू आली, ती वेल्डिंगवाल्याच्या कुत्र्यालाही आली असेल. त्याला बसवा मग बोर्डाखाली! अठ्ठावीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय मी इथे. पाय उचल, गप्प बस. पाय उचलून मी काय बहिरी बसत होते? या शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीचा आवाज माझ्या कानावरून गेलाय. पण त्याचा अर्थ मला नाही लागत, तुम्हाला लागतो. तुमचा कान कमी झालाय, डोकं नाही. ते आत्ताच बिघडायला लागलंय, बोर्ड उतरवतो म्हणे!"

यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. भांडणात माझा आवाज चढतो, तो यांना अजून व्यवस्थित ऐकू येतो.

"मुलीला फोन लाव संध्याकाळी," शेवटी म्हणाले. "तिला सांग, बाबा रागावलेले नव्हते." मग जरा थांबून, "आणि कानाचा डॉक्टर तिकडे चांगला असेल तर विचार."

बोर्डाचं काही बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही.

पाचच्या सुमारास खुर्चीवाले भाऊजी आले. यांनी नेहमीप्रमाणे पाण्याने काठोकाठ भरलेला पेला इंजिनावरच्या झाकणावर ठेवला आणि गाडी चालू केली. पेल्यातलं पाणी नुसतं शहारलं, थेंब सांडला नाही. भाऊजींनी टाळीच वाजवली.

"वा मिस्त्री, वा! म्हातारी गाभाऱ्यात बसल्यासारखी शांत झाली की! कॉम्प्युटर गेला चुलीत. कान म्हणजे कान! काय निघालं?"

मी माझ्या जागी होते, मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होते. दोरा आधीच ओवलेला होता. मी ठरवलं होतं, हे सांगतील ते खरं. बेअरिंग म्हणोत, पंप म्हणोत, मी जन्मात कुणाला सांगणार नाही.

मिस्त्रींचा डावा हात वर गेला.

इंजिन बंद केलेलं होतं, ऐकायचं असं काही नव्हतंच, पण सवय ती सवय. वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर थांबला. भाऊजींचं तोंड मिटलं. माझा पाय पेडलवरून आपोआप उठला.

"भाऊ," हे म्हणाले, "मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तीन दिवस ही गाडी ओरडत होती आणि मला कळलं नाही. लपवायचं म्हटलं तरी लपून राहणार नाही ते, म्हणून सांगतो."

पत्र्यावर चिमण्या ओरडत होत्या.

"पण आमच्या शेडचा नियम तुम्हाला माहीत आहे," हे पुढे म्हणाले. "गाडीचा आजार मिस्त्रीनेच सांगायचा." आणि वळून, हात तसाच वर ठेवून, माझ्याकडे पाहिलं. "सांग, मिस्त्री."

मी उठले. मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे झटकले. वस्तादांची नळी दुपारपासून माझ्याच खांद्यावर राहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

"इंजिन हवा घेत होतं," मी म्हणाले. "कार्बोरेटरच्या मागची बारकी नळी खालून चिरली होती. ती बदलली."

खुर्चीवाल्या भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता हा माणूस काहीतरी विनोद करणार, म्हणून मी मनाची तयारी केली. पण विनोद काही आला नाही. त्यांनी किल्ली हातात घेतली आणि सरळ मला विचारलं, "वहिनी, आता सिग्नलला बंद पडणार नाही ना?"

"नाही पडणार," मी म्हणाले.

तेव्हा कुठे मिस्त्रींनी हात खाली घेतला.